उंदरानं न खाल्लेलं पान

विल्या, थापा मारायचं खातं माझं. ते तू कधीपासून हातात घेतलंस?

त्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला तुझ्या नामदेव कंपाउंडरचा फोन आला. "गुरुजी, सर गेले." मी म्हटलं, "पेशंट सोडून कुठं गेला?" तो म्हणाला, "गेले म्हणजे गेले, गुरुजी." रामकुंडावर समोर चार यजमान दर्भ घेऊन बसलेले असताना मी त्याला अशी शिवी हासडली, की पिंडाला शिवायला आलेला कावळा थेट तपोवनापर्यंत न थांबता गेला असेल. मला वाटलं, तू सूड उगवतोयस. मागच्या पावसाळ्यात मी तुला फोन करून सांगितलं होतं ना, की पुरात मगर आलीय आणि माझ्या धोतराचा सोगा धरून बसलीय, इंजेक्शन घेऊन ये. आणि तू गुडघाभर पाण्यातून खरंच आलास. मी पायरीवर बसून चहा पीत होतो. तेव्हा तू म्हणाला होतास, "थापाड्या, एक दिवस मी तुला अशी थाप मारीन की तुझी बोलती बंद होईल."

मारलीस. बोलती बंद आहे. पाच आठवडे झाले, मी यजमानांना एकही गोष्ट सांगितलेली नाही. बाजूचे गुरुजी विचारतात, घसा बसला का म्हणून.

मी धावत आलो तेव्हा तू तुझ्याच तपासणीच्या टेबलावर आडवा होतास आणि नामदेव तुझ्या छातीवर दाबून दाबून घामानं निथळत होता. कोपऱ्यात एक बाई पदर तोंडात धरून उभी होती. तू तिच्या पाठीला नळी लावून "मोठा श्वास घ्या" म्हणालास, तिनं घेतला, आणि मागून खुर्ची पडल्याचा आवाज आला, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. बाहेर बाकावर अकरा पेशंट नंबर धरून बसलेले. कोणी उठेना. सेहेचाळीस वर्षांचा डॉक्टर दवाखान्यात मरतो, हे खरं मानायचं की नंबर सोडायचा नाही, हे त्यांनाही कळत नव्हतं. मलाही अजून कळलेलं नाही. काल दुपारी मी तुझ्या दवाखान्याच्या पायऱ्या चढलो आणि कुलूप बघून घड्याळ पाहिलं, उशीर का केला म्हणून.

आपली गाठ पडली ती माझ्या पोटदुखीमुळे, आठवतं? तू पंचवटीत नवी पाटी लावली होतीस. मी आत आलो, म्हटलं, "डॉक्टर, पोटात असं दुखतंय जसं कुंभमेळ्याचे तेराही आखाडे एकदम आंघोळीला उतरलेत." तू पोट दाबायचं सोडून विचारलंस, "आजोबा कशानं गेले?" मी म्हटलं, "दुखतंय मला. आजोबा निवांत आहेत." तू केसपेपर उलटा केलास, मागच्या कोऱ्या बाजूवर चौकोन काढलास, शेजारी गोल काढलास, मधे रेघ ओढलीस. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. ज्याला आजार, त्याचं घर काळं करायचं. पाच मिनिटांत माझ्या घराण्याचा सापशिडीचा पट तयार झाला आणि त्यात इतकी घरं काळी झाली की मला वाटलं, हा माणूस माझं तेरावंच उरकतोय. "गुरुजी, तुमच्याकडे साखर दोन्ही बाजूंनी आहे. पोटाचं राहू द्या, रक्त तपासा." तपासलं. तुझं बरोबर निघालं. पेढ्याकडे मी तेव्हापासून फक्त बघतो, असं मी तुला सांगत आलो. आता सांगतो, ते पूर्ण खरं नव्हतं.

तुझी ही झाडं काढायची खोड सगळ्या पंचवटीला माहीत होती. सातपूरच्या कारखान्यातला तो लेथवाला आईला घेऊन आला होता, थंडीतापानं त्याचे दात वाजत होते. रिपोर्टमध्ये मलेरिया. तू विचारलंस, "मामाला कधी मलेरिया झाला होता का?" तो वैतागला, "सर, ताप मला हाय, मामा कशाला आणता?" पण आई म्हणाली, "झाला व्हता ना. गोळ्या दिल्या तं लघवी चहावानी काळी झाली. लय पिवळा पडला. बाटल्या चढवाव्या लागल्या." तू पेन खाली ठेवलंस. मलेरियाची एक गोळी काही घराण्यांतल्या पुरुषांचं रक्त फोडते, आणि मामाचं हे आईच्या पोटातून भाच्यात उतरतं. हे तू त्या माणसाला सांगितलंस तेव्हा मी तिथंच पेपर वाचत बसलो होतो. तू आधी रक्ताची तपासणी करायला लावलीस, दोष निघाला, गोळी बदललीस. मी ही गोष्ट रामकुंडावर सांगताना त्या लेथवाल्याला यमाच्या रेड्यावरून खाली ओढून आणायचो. तू ऐकलंस तेव्हा म्हणालास, "रेडा नव्हता रे. एक प्रश्न होता फक्त."

पण हे झाड काढायचं वेड तुला माझ्या वहीपर्यंत घेऊन आलं, आणि इथून पुढं मला लिहायला जड जातंय.

वहीबद्दल जे जाणत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, तू मधे बोलू नकोस. आम्ही तीर्थोपाध्ये. गावोगावचे लोक अस्थी घेऊन, नाहीतर श्राद्धाला, नाशकात येतात, आणि ज्याचं जे गाव, त्या गावाची वही ज्या उपाध्यायाकडे, त्याच्याकडे उतरतात. आलेल्या माणसाचं नाव, बापाचं, आजाचं, भावांची, मुलांची नावं, तिथी, खाली सही किंवा अंगठा. पिढ्यान् पिढ्या. माझ्याकडच्या वह्या इतक्या जुन्या आहेत की एकीत प्रत्यक्ष रामचंद्रांची सही होती. पुरात ओली झाली, नाहीतर दाखवली असती. असं मी नव्या यजमानांना सांगतो.

खरी गंमत समासात असते. आमच्या घरची रीत अशी, की यजमान गेला की त्याच्या नावाशेजारी समासात दोन शब्द टिपून ठेवायचे. कसा माणूस, काय झालं, बैल कोणता, वाद कशावरून. वीस वर्षांनी त्याचा मुलगा आला, की पान उघडता उघडता आपण सहज म्हणायचं, "वडिलांचा तो पांढरा खोंड काय देखणा होता!" मुलगा हात जोडतो. त्याला वाटतं, गुरुजी त्रिकालज्ञ. गुरुजींना फक्त वाचता येतं. ही लबाडी मी तुला एकट्याला सांगितली होती, तीही भांग चढल्यावर, शिमग्याला.

तू ताडकन उठून बसलास. "म्हणजे कोण कशानं गेला हे तुमच्याकडे लिहिलेलं आहे? तीन-तीन पिढ्यांचं?" मी म्हटलं, "आहे. आणि ते गुपित आहे." पुढची दोन वर्षं तू माझा पिच्छा पुरवलास. पेशंट तयार असला की त्याला घेऊन यायचास, मी पान उघडायचो, तू समास वाचायचास. आणि दर वेळी आपलं भांडण ठरलेलं. "गुरुजी, बायका कुठं आहेत यात? लेकीचं लग्न झालं की नाव गायब. अर्धं झाड तोडून वर म्हणता वंशावळ!" मी म्हणायचो, "शास्त्र आहे." तू म्हणायचास, "शास्त्र माझं आहे. तुझा आळस आहे." मी नशिबाचा मुद्दा काढायचो. ज्याच्या त्याच्या कपाळी लिहिलेलं असतं, ते तू कशाला वाचतोस? तुझं उत्तर पाठ झालंय मला. "कपाळावरचं पुसता येत नाही. पेशीत लिहिलेलंही पुसता येत नाही. पण वाचता आलं तर खड्डा चुकवता येतो ना?"

आणि मग तीन वर्षांपूर्वी एके संध्याकाळी तू माझ्या ओसरीवर चप्पल काढता काढता म्हणालास, "आज माझं पान काढ."

तुझं गाव बागलाणातलं, सटाण्याच्या अलीकडचं. तुमच्या गावाची वही माझ्याकडेच. तू सात वर्षांचा असताना तुझ्या वडिलांच्या अस्थी घेऊन तुझे मोठे काका तुला इथं घेऊन आले होते. तू म्हणालास, "सगळ्यांची झाडं काढली, आपलंच राहिलंय. आईला विचारलं तर ती तोंड फिरवते, उठून चुलीकडे जाते. वडिलांना पान लागलं, म्हणजे साप चावला म्हणतात, आजोबा विहिरीत बुडाले, एक चुलता उन्हानं गेला. प्रत्येकाला वेगळंच मरण. तरी एकदा बघू दे."

माझ्या वडिलांचा दंडक होता, विल्या. कारण घडल्याशिवाय जित्या माणसाला त्याचं स्वतःचं पान दाखवायचं नाही. पान उघडलं की ते नाव मागतं, असं ते म्हणायचे. दुसऱ्यांची पानं तुझ्यासाठी उघडताना मी तो दंडक बिनदिक्कत गुंडाळून ठेवला होता. ते यजमान होते. तू तू होतास. सरळ "भीती वाटते" म्हणालो असतो तर तू हसला असतास आणि वही हिसकावून घेतली असतीस. म्हणून मी माझ्या धंद्याला शोभेल असं केलं. म्हटलं, "तुझं पान उंदरानं खाल्लं."

"उंदरानं?"

"चांगला मांजराएवढा होता. तुझ्या गावाची तेवढी पानं खाल्ली आणि ढेकर देऊन गेला."

तू खो खो हसलास. घरी जाऊन वहिनींना सांगितलंस, लेकीला, मुक्ताला सांगितलंस. उंदीर प्रत्येक वेळी मोठा होत गेला. मुक्ताच्या दहावीच्या पेढ्यांच्या वेळी तो कुत्र्याएवढा झाला होता. इतक्या थापा मारल्या आयुष्यात, पण ही एकच तू खरी मानलीस. का रे? बाकीच्या एकाही थापेवर तुझा विश्वास बसला नाही. नेमका हिच्यावर?

तिसऱ्या दिवशी मुक्ता तुझ्या अस्थी घेऊन आली. एकुलती एक लेक. विधी तीच करणार म्हणाली आणि कोणी हूं की चूं केलं नाही. वैशाली वहिनी, गावाहून आलेली तुझी आई माई, नामदेव, एवढेच. मी वही आणली. आता कारण घडलं होतं. फडक्याची गाठ मला सुटेना, नामदेवनं सोडली. मी मंत्र म्हणत नाव शोधत गेलो आणि पान सापडलं. स्वच्छ. कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता.

तुझ्या आजोबांचं नाव, माझ्या आजोबांच्या बोरूच्या अक्षरात. समासात: विहिरीत. पट्टीचा पोहणारा. वय तीस.

तुझ्या चुलत्याचं नाव, माझ्या वडिलांच्या हातचं. समासात: शर्यतीत धावताना पडला. ऊन नव्हतं, पौष महिना. वय एकोणीस.

तुझ्या वडिलांचं नाव. समासात: कांद्याच्या शेतात पाणी धरताना. पान लागलं म्हणतात, पण दात कुठं उमटला नाही. वय एकतीस. खाली तुझी सही. "विलास" असं मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात, काना ओळीबाहेर गेलेला.

मंत्र तोंडातच थांबला. तुझ्या दवाखान्यात पेपर वाचायच्या निमित्तानं बसून मी इतकी वर्षं जे ऐकत आलो, ते सगळं एकदम कानात ओरडायला लागलं. पट्टीचा पोहणारा बुडत नाही. पौषात ऊन लागत नाही. दाताशिवाय साप चावत नाही. तूच सांगायचास, काही घराण्यांत हृदय दिसायला ठणठणीत असतं, पण त्याच्या विजेची जोडणी जन्मापासून बिघडलेली असते. पळताना, पोहताना, दचकताना ठोका विस्कटतो आणि माणूस उभ्या उभ्या जातो. आणि अशा माणसाला काही साध्या गोळ्या, पोटाच्या, उलटीच्या, तापाच्या, ज्या तुम्ही-आम्ही शेंगदाण्यासारख्या खातो, त्या विष होतात. हे तू मला शिकवलं होतंस. माझ्यासारख्या ढ माणसाला शिकवलंस आणि स्वतःचा एक साधा ईसीजी कधी काढला नाहीस!

मी मान वर केली. मुक्ता पायरीवर बसली होती, चेहरा पांढराफटक. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढत होती.

"काय घेतेस?"

"उलटीची गोळी, काका. शनिवारच्या लग्नातलं जेवण बाधलंय. बाबांना पण बाधलं होतं. थांबतच नाहीये."

नामदेव हळू आवाजात म्हणाला, "सरांनी सोमवारी सकाळी दोन गोळ्या घेतल्या ना दवाखान्यात यायच्या आधी, एक उलटीची, एक पोटाची. त्याच आत्ता दिल्यात मी ताईला."

"घेऊ नकोस!" मी एवढ्या जोरात ओरडलो की पलीकडच्या घाटावरचा पिंड पाडणारा माणूस उठून उभा राहिला. हे मी वाढवून सांगत नाहीये. तो खरंच उठला.

"काका, प्लीज."

"मुक्ता, तुझ्या बापाला या गोळ्यांनी मारलं असेल. या पानावर लिहिलंय."

वैशाली वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, आज तरी. आजच्या दिवस तरी गोष्टी नका ना सांगू." त्यांच्या आवाजात राग नव्हता. दमलेला आवाज होता. मुक्ता म्हणाली, "कुठलं पान? आमचं पान उंदरानं खाल्लंय. तुम्हीच सांगितलंत बाबांना." आणि तिनं पाकिटातली गोळी दाबून तळहातावर काढली.

विल्या, आयुष्यभर मी खोटं बोललो आणि लोकांनी टाळ्या दिल्या. त्या पायरीवर पहिल्यांदा खरं बोलायची वेळ आली, तर माझ्याजवळ खरं बोलायचा आवाजच नव्हता. तोच नाटकी आवाज बाहेर येत होता. मग मी वही उचलून तिच्या मांडीवर आपटली. वही जमिनीला लावायची नाही, कोणाच्या हातात द्यायची नाही, सात पिढ्यांचा नेम, गेला खड्ड्यात. म्हटलं, "हे बघ. उंदीर नव्हता. मी खोटं बोललो तुझ्या बापाशी. त्यानं मागितलं आणि मी दिलं नाही. ही त्याची सही आहे. बघ."

तिनं सही पाहिली. त्या ओळीबाहेर गेलेल्या कान्यावर बोट ठेवलं. मग समास वाचला. वरून खाली, एकदा, पुन्हा एकदा. ती तुझी लेक आहे. ओठ हलत होते, मनातल्या मनात चौकोन काढत असणार. मग फार बारीक आवाजात म्हणाली, "आई, मी नववीत असताना ग्राउंडवर पडले होते ना धावताना. आपण म्हणालो होतो, नाश्ता केला नाही म्हणून."

वहिनींनी तिच्या तळहातावरची गोळी उचलून नदीत फेकली. नामदेवनं पाकीट.

तुझे हृदयाचे डॉक्टर मित्र, कॉलेज रोडवरचे, त्यांच्याकडे आम्ही अस्थिविसर्जनाच्या ओल्या कपड्यांनी गेलो. वही माझ्या काखेत. स्वागतिकेनं फाइल मागितली, मी वही पुढं केली. त्यांनी मुक्ताचा ईसीजी काढला आणि कागदावरच्या लाल चौकटी पेन्सिलीनं मोजायला लागले. मोजल्या, परत मोजल्या. मग म्हणाले, "ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला जेवढा वेळ लागायला हवा, त्यापेक्षा हिला बराच जास्त लागतोय. ही आज घरी जाणार नाही." उलट्यांनी तिच्या रक्तातले क्षार उतरले होते, त्यात ती गोळी पडली असती तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. दुसरंच विचारलं. "तीन वर्षांपूर्वी हे पान विलासला दिसलं असतं तर?"

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "त्याला नेमकं काय झालं, हे आता सिद्ध करता येणार नाही, गुरुजी."

"ते नाही विचारलं मी."

"पाच मिनिटांत ओळखलं असतं त्यानं," ते म्हणाले.

हे वाक्य मी कुठं ठेवू, विल्या? मी सगळ्या गोष्टी फुगवतो, ही मला लहान करता येत नाहीये. बायको म्हणते, तुमचा काय दोष, तुम्हाला काय माहीत. खरं आहे. मला माहीत नव्हतं. पण तुला माहीत झालं असतं. तुला फक्त तीन ओळी वाचायच्या होत्या. तू माझ्यावर रागवायला इथं नाहीस आणि माफ करायलाही नाहीस. मी दोन्ही कामं एकटाच करून बघतो. जमत नाहीत.

चार दिवसांनी मुक्ता घरी आली. हृदयाचा ठोका आवरणारी गोळी सुरू झाली. रक्त जनुकांच्या तपासणीला गेलं. दवाखान्यानं एक कागद दिला, कोणकोणती औषधं हिला चालणार नाहीत त्याची यादी. नामदेवनं तिच्या पाच प्रती काढून आणल्या. एक पर्समध्ये, एक फ्रिजवर, एक मला. मी माझी प्रत वहीत तुमच्या पानाला लावलीय. आणि हो, मुक्ताचं नाव लिहिलंय. तुझ्या आत्याचं लिहिलंय, तिच्या दोन्ही मुलींचं, एक मालेगावात दिलीय तिचं, आणि त्या मुलींच्या मुलांचं. फोन करून करून गोळा केली नावं. पान पुरलं नाही, जोडकागद चिकटवला. तू जिंकलास ते भांडण. असं जिंकायचं असतं का?

काल रिपोर्ट आला. डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावलं. वहिनी, मुक्ता, मी, तुझी आत्या आणि तिच्या मुली, आणि कोपऱ्यात माई, डोक्यावरून पदर घट्ट ओढून. डॉक्टरांनी तुझ्यासारखाच एक कोरा कागद घेतला. मुक्ताचा गोल काळा केला, तुझा चौकोन काळा केला, वर तुझ्या वडिलांचा, त्यांच्या बाजूला चुलत्याचा, त्याच्या वर तुझ्या आजोबांचा. "हे त्यांच्यापासून, कदाचित त्यांच्याही मागून आलंय. प्रत्येक मुलाला किंवा मुलीला उतरण्याची शक्यता निम्मी. म्हणून सगळ्यांची तपासणी करायची. ज्यांना असेल त्यांना औषध आहे, काळजी घेता येते." तुझ्या आत्यानं लगेच मुलींकडे बघितलं. त्या दोघी पुढं सरकल्या, बाही वर करत.

मग माई बोलली. पाच आठवड्यांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"डाक्टर, हाई कवा येल शे?"

त्यांना नीट कळलं नाही. मी सांगितलं, विचारतेय की हे कधी आलं घरात.

"आजी, तुमच्या सासऱ्यांच्या आधीपासून असणार. ते गेले तेव्हा तुमचे मालक लहान होते."

"म्हंजे मी येवाना आधी?"

"हो. तुम्ही घरात यायच्या कितीतरी आधी."

माईनं तो कागद आपल्याकडे ओढला. मग म्हणाली, "पुन्हा सांग, डाक्टर."

त्यांनी पुन्हा सांगितलं. ती हळूहळू बोलायला लागली. लग्न होऊन तिनं माप ओलांडलं त्याच वर्षी तिचा दीर शर्यतीत पडला. मग नवरा गेला. सासूनं पायरीवर उभं राहून गाव गोळा केलं होतं आणि म्हटलं होतं, हिनं पांढऱ्या पायानं माझं घर खाल्लं. तेव्हापासून हळदीकुंकवाला कोणी बोलावलं नाही, बाळंतिणीच्या खोलीत कोणी घेतलं नाही. तू डॉक्टर झालास, नाशकात घर केलंस, तरी ती तुझ्याकडे राहायला का येत नव्हती, विल्या? आपल्याला वाटायचं, शेत सोडवत नाही तिला. ती तुझ्या उंबऱ्यात पाय ठेवायला भीत होती. तू विचारलंस की ती उठून चुलीकडे जायची, कारण तुझ्या घराण्यातली माणसं कशानं गेली याचं तिच्याजवळ एकच उत्तर होतं, आणि ते ती तुला सांगू शकत नव्हती. तू गेलास तेव्हा तिनं मनात तेच धरलं होतं. याही वेळेला मीच.



मुक्ता उठली, आजीच्या समोर खाली जमिनीवर बसली आणि तिचे दोन्ही पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. भेगाळलेले, काळे, शेतातले पाय. माई ओढून घ्यायला लागली, मुक्तानं सोडले नाहीत.

"चाल घर," मुक्ता म्हणाली, तिच्या मोडक्यातोडक्या अहिराणीत. "आमना घर चाल, आजी. ऱ्हावाले."

माई आज सकाळी तुझ्या घरी राहायला आली, विल्या. उंबऱ्याशी थांबली नाही.